ड्रिप कॉफी मेकर आतून साफ करायचा आहे: व्हिनेगर, लिंबूसत्व की खायचा सोडा?

मशीन साधं ड्रिपचं आहे. टाकी ६०० मिली, काचेचं भांडं, खाली हॉटप्लेट, कायमची नायलॉन जाळी. पाणी बोअरचं, चांगलंच जड. आता कॉफी उतरायला पूर्वीपेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, गुरगुर आणि वाफ फार होते. शेवटचं अर्धा कप पाणी टाकीतच राहतं. शिवाय कॉफीला खवट वास येतो. व्हिनेगर आणि सोडा एकत्र घालून मशीन चालवा, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. ते बरोबर आहे का? प्रमाण काय घ्यावं? घरात असलेल्या वस्तूंतच काम व्हावं, अशी इच्छा आहे.

गाळणी:
दोन्ही एकत्र अजिबात घालू नका. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात, फेस येतो आणि उरतं ते जवळपास खारट पाणी. त्याने ना क्षार निघतात ना तेल.

तुमच्याकडे दोन वेगळ्या तक्रारी आहेत. वेळ लागणं, गुरगुर, पाणी उरणं हे क्षारांमुळे. हॉटप्लेटखाली एक बारीक नळी असते. तिच्यात पाणी उकळतं आणि वाफेच्या बुडबुड्यांनी वर ढकललं जातं. नळीला आतून थर बसला की वाट अरुंद होते आणि उष्णताही पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. हा थर आम्लानेच विरघळतो. खवट वास मात्र जाळीत आणि भांड्यात साचलेल्या कॉफीच्या तेलाचा. तिथे सोडा आणि भांडी घासायचा साबण लागतो.

क्षारांसाठी लिंबूसत्व व्हिनेगरपेक्षा बरं, कारण वास मागे राहत नाही. ६०० मिली साध्या पाण्यात १२ ग्रॅम, म्हणजे साधारण अडीच टीस्पून, पूर्ण विरघळवा. जाळी रिकामी बसवून मशीन सुरू करा. निम्मं पाणी उतरलं की बंद करून अर्धा तास तसंच ठेवा, मग उरलेलं चालवा. भांड्यातलं पाणी ओतून द्या, परत टाकीत घालू नका, त्यात सुटलेले कण असतात. त्यानंतर साध्या पाण्याच्या तीन टाक्या, मध्ये थोडं थांबून.

रात्रभर भिजत ठेवायचा मोह टाळा. बऱ्याच मशीनमध्ये नळी ॲल्युमिनियमची असते आणि आम्ल ती खातं.

कडकडीत:
वरच्याशी सहमत. भर एवढीच की लिंबूसत्वाचं प्रमाण वाढवून काम लवकर होत नाही. दाट आणि उकळत्या द्रावणात त्याचाच कॅल्शियमबरोबर पांढरा साका तयार होतो आणि तो काढायला आणखी कठीण. थर जुना असेल तर सौम्य द्रावणाच्या दोन फेऱ्या द्या.

लिंबूसत्व नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, कृती तीच. धुवायला मात्र एक-दोन टाक्या जास्त लागतील. ताजं लिंबू पिळू नका, गर झडपेत अडकतो. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियम काळं पाडतो, तो तर नकोच. आणि व्हिनेगर वापरताना ब्लीच जवळही आणू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्नकर्ता:
खूप आभार. जाळी आणि भांड्याचं कसं करू? कॉफी चिकोरी मिसळलेली, बारीक दळलेली असते.

गाळणी:
जाळी कोमट पाण्यात भिजवा. अर्धा लिटरला एक मोठा चमचा खायचा सोडा आणि साबणाचे दोन थेंब. अर्ध्या तासाने मऊ टूथब्रशने बाहेरून आत घासा, म्हणजे अडकलेले कण मागे ढकलले जातात. उजेडात धरून पाहा: छिद्रं मोकळी असतील तर सगळीकडून सारखा उजेड येतो. चिकोरी पाण्यात फुगते आणि चिकट होते, म्हणून ती पूड ड्रिप मशीनमध्ये जाळी लवकर बुजवते, कधी कॉफी काठावरून वाहते. या मशीनला शुद्ध कॉफी, रव्याइतकी दळलेली, सर्वांत सोयीची. काचेच्या भांड्यालाही तोच सोडा, फक्त तारेची घासणी नको. ओरखडे पडलेली काच पुढे तापताना तडकते. हॉटप्लेट प्लग काढून, पूर्ण गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा.

कडकडीत:
क्षार काढल्यावरही पाणी वर चढत नसेल, तर टाकीच्या तळाशी असलेली एकदिशा झडप पाहा. सुटलेला खपला तिथे अडकला की ती नीट मिटत नाही, आणि गरम पाणी वर जाण्याऐवजी परत टाकीत येतं. प्लग काढा, मशीन गार होऊ द्या, टाकी रिकामी करा, मशीन सिंकवर उलटं धरून हलकेच ठोका. मग पुन्हा एक टाकी साधं पाणी चालवा. बोअरच्या पाण्यावर दर महिन्याला क्षार काढा. आरओचं पाणी वापरलंत तर ही वेळ तीन-चार महिन्यांवर जाते.