जनरेटरची ट्रॉली ओढायला पिकअप घ्यायचाय, ३५०० किलोचा आकडा धरायचा का? मदत हवी

नमस्कार मंडळी, मी खानापूरकडचा, मंडप-जनरेटरचं काम आहे. दोनचाकी ट्रॉलीवर जनरेटर बसवलाय, काट्यावर सगळं मिळून १४५० किलो भरलं, आजवर ट्रॅक्टरनंच ओढतोय पण आता गोव्यातली लग्नं मिळायला लागलीत आणि चोर्ला घाटातून ट्रॅक्टर नेणं म्हणजे आदल्या दिवशीच निघायचं. म्हणून सेकंडहँड टोयोटा हायलक्स नाहीतर इसुझू व्ही-क्रॉस पिकअप बघतोय. ऑस्ट्रेलियातल्या व्हिडिओत दोन्हीला ३५०० किलो सांगत्यात. इथं विकणाऱ्याला विचारलो तर "काय पण ओढतंय की", कागद दाखवा म्हटलं की चहा मागवतोय. मेहुणा अमेरिकेत, तो म्हणतोय तिकडची फोर्डची एफ-१५० पिकअप पाच टनाच्या वर ओढते. हे आकडे जुळवायचे कसे? आणि वर केबल, दिवे, चार पोरं घेतली तर ३५०० तसंच राहतं का?

निपाणीकर : दादा, ३५०० हे ब्रेकवाल्या ट्रॉलीचं. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर तिकडं त्याच गाड्यांना ७५० किलोच. तुमच्या ट्रॉलीला ब्रेक आहे का ते लिहिलाच नाहीत! चढायला इंजिन कमी पडत नाही हो, चोर्ला उतरताना मागून दीड टन ढकलायला लागतं तेव्हा कळतं. दुसरं, हुकावर ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा भाग टेकायला पाहिजे, म्हणजे १४५ किलो, ते गाडीच्याच पेलोडमधून (गाडीवर लादायच्या वजनाच्या मर्यादेतून) जातं, पोरं-केबल-दिवे पण त्यातच. शिवाय गाडी आणि ट्रॉली मिळून वेगळी मर्यादा असते, गाडी गच्च भरलात तर ट्रॉलीचं तेवढं कमी धरा. मेहुण्याच्या तिकडं एसएई जे२८०७ म्हणून गाडी किती ओढते ते ठरवायची चाचणी आहे, त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा चढ, एसी फुल्ल, आणि ताशी ६४ किलोमीटरच्या खाली यायचं नाही. त्या पद्धतीचा आकडा ऑस्ट्रेलियाच्या आकड्याशेजारी ठेवून काय उपयोग? आपल्या गाडीला इथलं मॅन्युअल आणि आरसीवरचं जीव्हीडब्ल्यू (मालासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन) बघा. आणि ट्रॉलीचं रजिस्ट्रेशन वेगळं लागतं, गाडीच्या केए-२२ नंबरवर भागत नाही.

खानापूरकर : ट्रॉलीला ब्रेक नाहीच, ट्रॅक्टरमागं कधी लागलाच नाही. गाडी थांबताना ट्रॉलीनं पुढं धक्का मारला की आपोआप लागतो तो ओव्हररन ब्रेक जुन्या एक्सलवर बसतो का, का एक्सलच बदलायचा? बेळगावात उद्यमबागेत नाहीतर कोल्हापूर साइडला कोण करून देतंय, माहिती असेल तर सांगा.