मदत हवी आहे: परभणी ते जाफना, सायकल घेऊन रेल्वे आणि बोटीने

नमस्कार मंडळी. यंदा हरभऱ्याची काढणी उरकली की मी आणि माझा मावसभाऊ सायकली घेऊन श्रीलंकेला निघतोय. विमान नको. परभणीहून हैदराबाद, मग चेन्नई, तिथून नागपट्टिणम असं रेल्वेने. पुढे बोटीने जाफन्याजवळचं कांकेसंथुराई बंदर. 1964च्या वादळात रामेश्वरमजवळचं धनुष्कोडी गेलं, तिथून श्रीलंकेतल्या तलैमन्नारला जाणारी बोट मग रामेश्वरमहून सुटायची; तीही 1980च्या दशकात श्रीलंकेतल्या यादवी युद्धामुळे बंद पडली. 2023मध्ये नागपट्टिणमची सुरू झाल्याचं वाचलं, तेव्हापासून डोक्यात हेच आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पाऊस आणि समुद्र खवळलेला, म्हणून ते महिने टाळले.

धास्ती आहे ती गाडी बदलण्याची. मागे एकदा सायकल ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, टाकली होती. उतरवून घेतली तर मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्यावर बसतो ती पट्टी, आत वाकलेला, चेन आऱ्यांना घासत होती. हाताने ढकलतच घरी आणली. आता सायकल सोळा किलो, वर चार पिशव्या मिळून अठरा.

कोणी गेलं असेल तर सांगा: बोटीवर सायकल उभी नेऊ देतात का, की चाकं काढून खोक्यात भरावी लागते? तिचं वजन सामानात धरतात का? परत येताना कस्टमवाले सायकलीची पावती मागतात का? माझी जुनी आहे, पावती केव्हाच हरवली. आणि चेन्नईत एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर भरलेली सायकल चालवत नेणं जमतं का, की टेम्पोच करावा?