मदत हवी आहे: पोस्टकार्डाएवढं कोलाज, वय ६ ते ८

नमस्कार मंडळी. ऐरोलीला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी दर रविवारी मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. १२ मुलं, पहिली ते तिसरीतली, वेळ दीड तास. कोलाज मुद्दाम निवडलं, कारण "मला चित्र येत नाही" म्हणत मागे बसणाऱ्या दोघी कागद फाडायला मात्र लगेच पुढे आल्या. आकार पोस्टकार्डाएवढा. मोठ्या कागदावर मुलं अर्ध्यातच दमतात.

विषय आपल्या ठाणे खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. थंडीत सगळ्यांनी पाहिलेत.

पहिल्याच रविवारी अडलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर फेव्हिकॉल थापला आणि वाळताना सगळी कार्डं पापडासारखी वळली. पण जास्त लागलं ते वेगळंच. मी एक नमुना करून दाखवला होता. बाराही कार्डांवर माझाच पक्षी उतरला, उजवीकडे तोंड, एक पाय वर. एका मुलानं मासिकातला निळा तुकडा आधीच आडवा लावला होता, खाडी अगदी छान दिसत होती. माझा नमुना पाहून त्यानं तो उपटून काढला.

नमुना न दाखवता एवढ्या लहान मुलांना काय करायचंय ते कसं समजावता? आणि घोटीव कागदाचा गुलाबी फारच भडक दिसतो, त्याला पर्याय?

प्रतिसाद १:
ताई, ओला कागद वाळताना आखडतो आणि कार्डाला आपल्याकडे ओढतो. मागच्या बाजूलाही एक कागद चिकटवा, ओढ सारखी होईल. फेव्हिकॉल ब्रशनं पातळ पसरा. वर बटर पेपर, त्यावर रद्दी, त्यावर जाड पुस्तकं, रात्रभर.

नमुन्याऐवजी रोहितांचे चारपाच फोटो दाखवा आणि बाजूला ठेवा. पहिली २० मिनिटं डिंक, फेव्हिकॉल काही बाहेर काढूच नका. फाडायचं, मांडायचं, सरकवायचं. फ्रेंच चित्रकार मातीसही १९४१च्या शस्त्रक्रियेनंतर पुढे रंगवलेले कागद कापून भिंतीवर टाचणीनं लावायचा आणि मनासारखं जमेपर्यंत हलवत राहायचा.

गुलाबी एकच नको. रोहितांना तो रंग खाण्यातल्या शेवाळातून येतो, पिल्लं राखाडीच असतात. म्हणजे वर्तमानपत्राचा कागद पिल्लांना, मासिकातल्या साड्यांच्या जाहिराती मोठ्यांना. वर्तमानपत्र उभं फाडलं की सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं की वेडीवाकडी. लांब पाय उभ्या पट्टीतून काढू द्या, कात्री लागणार नाही.

धागाकर्ती:
राखाडी पिल्लांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! खूप आभार. तो निळा तुकडा मी उचलून ठेवलाय, रविवारी त्याचा त्याला परत देते. कार्ड मोबाइलएवढं आणखी लहान केलं तर सहा वर्षांच्या बोटांना जमेल का? कुणी करून पाहिलंय?