मदत हवी आहे: स्क्रॅपबुकसाठी कुठले स्टॅम्प आणि कुठली शाई?

नमस्कार मंडळी,

घरच्या जुन्या-नव्या फोटोंचं स्क्रॅपबुक करायला घेतलंय, १२ बाय १२ इंचाची पानं. आत्तापर्यंत स्टिकर आणि वॉशी टेपवर (नक्षीदार कागदी चिकटपट्टी) भागवलं पण सगळी पानं एकसारखीच दिसायला लागली म्हणून स्टॅम्पकडे वळलेय. पानाफुलांचा एक पारदर्शक सेट, तो चिकटवून धरायचा अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा आणि काळं इंकपॅड एवढं हाताशी आहे. पण ठसा कुठे गडद तर कुठे गायब, बारीक रेषा शाईने बुजलेल्या आणि मोठ्या पाकळ्यांच्या आत नुसते ठिपके ठिपके, तेलकट तव्यावर पाणी शिंपडल्यासारखे.

हे पारदर्शक स्टॅम्प असेच असतात का? की लाकडी ठोकळ्यावरचे रबरीच घ्यायला हवेत? इंकपॅडवर डाय, पिगमेंट, हायब्रिड असं काय काय लिहिलेलं असतं त्यातलं आपल्याला कुठलं लागतं? फुलं नंतर वॉटरकलरने रंगवायची आहेत, काळी रेषा पसरायला नको. आणि मुख्य भीती फोटोंची, काहींच्या निगेटिव्ह नाहीत, त्यांच्या कोपऱ्यावर तारखेचा स्टॅम्प मारला तर चालेल का? व्हिडिओ भरपूर बघितले पण जो तो नवीन दहा वस्तू घ्यायला सांगतो. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

सेट नवीन आहे ना? मग ठिपक्यांचं कारण तेच. फोटोपॉलिमरचे, म्हणजे तुमच्यासारखे पारदर्शक, नवे स्टॅम्प गुळगुळीत असतात, कारखान्यातला तेलकट थरही असतो, त्यामुळे शाई गोळा होऊन बसते. साध्या पांढऱ्या खोडरबराने वरचा भाग अगदी हलक्या हाताने घासा आणि पुसून घ्या. मग पहिले काही ठसे रद्दी कागदावर काढा, हळूहळू शाई धरायला लागेल.

शाई लावताना स्टॅम्प पॅडवर दाबू नका, उलट करा, स्टॅम्प वर तोंड करून धरा आणि पॅड त्यावर टपटप टेकवा. दाबलं की शाई खाचांमध्ये जाते आणि रेषा बुजतात. कागदाखाली पातळ फोमची शीट ठेवा आणि ठोकळा सरळ खाली दाबून सरळच उचला, डोलवलात की कडा दुहेरी येणार. खरखरीत टेक्श्चरवाल्या कार्डस्टॉकवर (जाड कागदावर) बारीक डिझाइन कधीच नीट उठत नाही, त्यात तुमचा दोष नाही. गुळगुळीत तुकड्यावर ठसा घ्या, कापा आणि पानावर चिकटवा.

प्रतिसाद २

माझ्या मते स्टॅम्पपेक्षा शाईवर डोकं लावा, निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.

डाय इंक कागदात मुरते, पटकन वाळते, पण उजेडात लवकर फिकी पडते आणि बऱ्याचशा पाणी लागलं की पसरतात. डिस्ट्रेस नावाच्या ज्या शाया मिळतात त्या तर पाण्याने पसराव्यात म्हणूनच केलेल्या असतात, बॅकग्राउंडला मस्त पण तुमच्या काळ्या रेषेला अजिबात नको. पिगमेंट इंक कागदाच्या वर बसते, रंग टिकतो, गडद कागदावरही उठून दिसते, पण वाळायला वेळ घेते आणि चकचकीत कागदावर तर वाळतच नाही म्हटलं तरी चालेल. हायब्रिड दोन्हीच्या मधली.

वॉटरकलर करायचाय म्हणून डबीवर वॉटरप्रूफ लिहिलंय का एवढंच बघा. तरी आधी नमुन्याचा ठसा पूर्ण वाळू द्या आणि ओला ब्रश फिरवून बघा. अल्कोहोल मार्कर वापरणार असाल तर हिशोब वेगळा, पाण्याला टिकणारी प्रत्येक शाई मार्करला टिकतेच असं नाही.

प्रतिसाद ३

थोडा विरोधी सूर लावते. एकच स्टॅम्प वर्षानुवर्षं वापरायचा असेल तर रबरीच घ्या. रबर शाई छान धरतं, रेषा स्वच्छ, रेखीव येते आणि स्टेझऑनसारखी सॉल्व्हंट शाई (पाण्याऐवजी रासायनिक द्रावकातली) त्याला बाधत नाही. पारदर्शक स्टॅम्प अशा शाईने खराब होऊ शकतात, वापरलीच तर लगेच साफ करावी लागते. पण हो, पारदर्शकमधून नेमकं कुठे ठेवतोय ते दिसतं, आणि तयार पानावर काम करताना ते फार मोलाचं. लाकडी ठोकळा म्हणजे थोडा रामभरोसे कारभार.

पारदर्शक स्टॅम्प उन्हात पिवळे पडतात, बंद डब्यात ठेवा. नुसते शाईचे डाग राहिले तर बिघडत नाही.

धागाकर्ती

खूप खूप धन्यवाद! खोडरबराचा उपाय लागू पडला, पाकळ्या चक्क भरल्या. फोटोंचं मात्र कोणीच बोललं नाही?

प्रतिसाद ४

कारण उत्तर "नको" आहे :) मूळ प्रिंटवर काहीही मारू नका. चकचकीत फोटोवर डाय आणि पिगमेंट दोन्ही बोटाला लागतात. सॉल्व्हंट शाई वाळते, पण चुकली की पुसायला जाऊन फोटोच जायचा. घरच्या इंकजेट प्रिंटवर तर नुसत्या ओलाव्यानेही रंग पसरू शकतो. तारीख छोट्या टॅगवर मारा आणि टॅग फोटोशेजारी लावा. फोटोवरच हवी असा हट्ट असेल तर स्कॅन करून कॉपी काढा, तिच्यावर काय ते करा.

कागद अ‍ॅसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री घ्या, लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे कागद पिवळा पडतो. प्लास्टिकच्या कव्हरमध्ये पीव्हीसी नको, पॉलिप्रॉपिलीन चालेल. नुसतं "फोटो सेफ" कोणीही छापतो, त्यापेक्षा पीएटी म्हणजे फोटोग्राफिक अ‍ॅक्टिव्हिटी टेस्ट पास असं लिहिलंय का बघा. त्याचं आयएसओ १८९१६ हे प्रमाण आहे, कागद, गोंद, शाई यांनी फोटोवर डाग पडतात का, तो फिका होतो का हे त्यात तपासतात.

एम्बॉसिंग पावडर आणि हीट गन (ठशावर पावडर टाकून गरम हवेने वितळवतात, ठसा उठावदार होतो) वापरायची हौस आलीच (येणार!) तर फोटो चिकटवायच्या आधी उरकून घ्या.

धागाकर्ती

टॅगची आयडिया आवडली. एक शेवटचं, फुलामागून पान डोकावतंय असं दाखवायचं तर आधी पान की आधी फूल?

प्रतिसाद १

आधी फूल. मग तेच फूल स्टिकी नोटवर चिकट कडेकडच्या भागात मारून रेषेच्या किंचित आतून कापा, ते पहिल्या फुलावर झाकण म्हणून लावा आणि त्याच्यावरूनच पान मारा. बाहेरून कापलंत तर दोघांच्या मध्ये पांढरी फट राहते.