पासवर्ड बदलला, तरी डेटाबेस जुनाच पासवर्ड मागतो

प्रश्न
डॉकर कंपोजवर (कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅमचे वेगळे ठेवलेले डबे, चालवणारे साधन) पोस्टग्रेस १७ या डेटाबेसची अधिकृत इमेज (कंटेनर ज्यातून तयार होतो तो साचा) चालवत असून डेटा नेमड व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेर टिकणाऱ्या, नाव दिलेल्या साठ्यात) आहे. डॉट एन्व्ह या सेटिंगच्या फाइलमध्ये पोस्टग्रेस_पासवर्डचे मूल्य बदलले, कंटेनर डाउन करून (काढून टाकून) पुन्हा अप केला (नव्याने सुरू केला), तरी अ‍ॅपकडून जोडणी करताना पासवर्ड चुकल्याची त्रुटी येते. चमत्कारिक बाब अशी की कंटेनरच्या आत जाऊन पीएसक्यूएल हे पोस्टग्रेसला आदेश देण्याचे साधन चालवल्यास पासवर्ड न विचारताच प्रवेश मिळतो. नेमके कोणावर विश्वास ठेवावा?

पहिले उत्तर
आतल्या चाचणीवर ठेवू नये. या इमेजमध्ये कंटेनरच्या आतून, सॉकेटवरून (एकाच यंत्रातील प्रोग्रॅमांमधल्या दुव्यावरून) होणाऱ्या जोडणीला मुळात ट्रस्ट पद्धत लावलेली असते, त्यामुळे तिथे पासवर्ड तपासलाच जात नाही. बाहेरून येणाऱ्या जोडणीला मात्र तो लागतो.

मूळ कारण निराळे आहे. पोस्टग्रेस_पासवर्ड हे व्हेरिएबल फक्त डेटा फोल्डर रिकामे असताना, म्हणजे नवा डेटाबेस उभारणारा इनिटडीबी हा आदेश चालतो त्या एकाच वेळी वापरले जाते. आपला व्हॉल्यूम आधीच भरलेला असल्याने नवे मूल्य कंटेनरपर्यंत पोहोचूनही डेटाबेसमधील जुना पासवर्ड कायम राहिला. इनिटडीबी.डी फोल्डरमधील, सुरुवातीच्या तयारीच्या स्क्रिप्टांचेही तसेच. ज्या ट्रस्टने आपली दिशाभूल केली, त्याचाच आता उपयोग करा: आत शिरून ऑल्टर यूजर आदेशाने पासवर्ड बदला.

दुसरे उत्तर
डाउनला व्ही हा पर्याय जोडून व्हॉल्यूम पुसण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने पासवर्ड बदलतो खरा, पण सारा डेटाही जातो. शिवाय पासवर्डमध्ये डॉलरचे चिन्ह असल्यास कंपोज त्याला व्हेरिएबल समजू शकते. कंपोज कॉन्फिग चालवून अंतिम मूल्य पाहावे.

प्रश्नकर्ता
ऑल्टर यूजरने काम झाले, डॉलरचे चिन्ह नव्हते. पण एकदा डाउन-अप केल्यावर सगळी टेबले नाहीशी झाली होती, तेही यामुळेच का?

पहिले उत्तर
नाही, ती माउंटची, म्हणजे व्हॉल्यूम कंटेनरमधील कोणत्या फोल्डरला जोडायचा त्या नोंदीची, चूक असावी. १७पर्यंत डेटा /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा येथे असतो. माउंट एक पायरी वर, पोस्टग्रेसक्यूएल फोल्डरवर दिल्यास इमेज डेटासाठी स्वतःचा निनावी व्हॉल्यूम तयार करते आणि डाउननंतरच्या अपमध्ये नवा, रिकामा व्हॉल्यूम जोडला जातो. जुना बहुधा डिस्कवरच असेल. प्रून हा न वापरलेले व्हॉल्यूम पुसणारा आदेश चालवण्यापूर्वी व्हॉल्यूमची यादी तपासा. १८च्या इमेजपासून मात्र माउंट त्या वरच्या फोल्डरवरच द्यायचा असतो, तेव्हा आवृत्ती बदलताना माउंटची जुनी ओळ तशीच ठेवू नका.