गैरहजर खेळाडूला एक्सपी द्यायचे की नाही?

धरमपेठ_डीएम
नागपुरातल्या रविवारच्या टेबलांवर हा वाद सारखा निघतो, म्हणून इथे मांडतो. नियम डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ चे धरा. एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण, ते साठले की खेळाडूच्या कॅरेक्टरची (पात्राची) लेव्हल वाढते; डीएम म्हणजे खेळ चालवणारा. माझं मत पक्कं आहे: पूर्ण पार्टीचे, म्हणजे खेळाडूंच्या गटाचे, एक्सपी एकच असावेत. आला नाही त्यालाही तेवढेच, शेवटचा घाव घातला त्यालाही तेवढेच.

चौथ्या लेव्हलला एकूण २७०० एक्सपी लागतात, पाचव्याला ६५००. पाचव्या लेव्हलला फायटरला (लढवय्याला) एका पाळीत दोन वार मिळतात, विझार्डला (जादूगाराला) फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र घेता येतो, प्रोफिशियन्सी बोनस (फाशाच्या आकड्यात मिळवायची भर) २ चा ३ होतो. आता एकच फायटर चौथ्यावर राहिला तर? लढत बेतलेली असते पाचव्या लेव्हलच्या पार्टीसाठी, आणि हा निम्मे वार घेऊन उभा. तोच आधी पडतो. मिहानमध्ये नाहीतर बुटीबोरीला शिफ्ट असलेला माणूस आळसापोटी गैरहजर नसतो, ही शिक्षा त्याला काहून?

बर्डीचा_फायटर
नाही पटत भाऊ. पुस्तकातला मूळ नियम उलटा आहे. ज्या एन्काउंटरमध्ये (लढतीत किंवा प्रसंगात) कॅरेक्टरने भाग घेतला त्याचेच एक्सपी. गैरहजराला देणं हा डीएमच्या मर्जीचा भाग आहे. मे महिन्याच्या उन्हात टेबलावर येणाऱ्याची किंमत काही आहे की नाही?

आणि तुमची भीती तक्त्यातच विरघळते. पहिल्या लेव्हलला ३०० एक्सपी हुकले तर आख्खी लेव्हल गेली, मान्य. पण सहावीवरून सातवीला जायला १४००० ते २३०००, म्हणजे ९००० लागतात. तिथे ते ३०० म्हणजे तिसावा हिस्सा. मागचा गडी आपोआप जवळ येतो. तक्ता चढत जातो तो यासाठीच कामी येतो.

धरमपेठ_डीएम
हिशेब बरोबर, पण एकदाच गैरहजर राहिलेल्या माणसाचा. पुढच्या सेशनचे एक्सपीही वाढतात ना. ट्रोल नावाच्या एका राक्षसाचे १८००. चार ट्रोल, चार खेळाडू, म्हणजे माणशी १८००. पाचवीवरून सहावीला ७५०० लागतात. एक रविवार हुकला की जवळपास चौथाई लेव्हल गेली. दोन महिन्यांत दोनदा शिफ्ट लागली की खड्डा तसाच.

सदरची_क्लेरिक
गैरहजेरीपेक्षा मोठा अन्याय हजर असलेल्यांवर होतो, त्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. काही टेबलांवर मारेल त्याला एक्सपी देतात. मग जखमा भरणाऱ्या क्लेरिकने आख्खी लढत पार्टीला उभं ठेवलं तरी हाती शून्य. परिणाम लगेच दिसतो: लोक बरं करणारे मंत्र सोडून अर्धमेल्या गॉब्लिनच्या (छोट्या राक्षसाच्या) मागे धावतात, विझार्ड स्पेल (मंत्र) राखून ठेवतो आणि शत्रूचा जीव मोजणाऱ्या शेवटच्या दोन हिटपॉइंटांवर डल्ला मारतो.

‘छान अभिनय केला’ म्हणून ५० एक्सपी देणंही तसंच. जो मोठ्याने बोलतो त्यालाच दर वेळी मिळतात, लाजाळू खेळाडू मागे पडत जातो. त्यासाठी इन्स्पिरेशन आहे की! एका फेकीला अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा, वापरलं की संपलं, एका वेळी एकच जवळ ठेवता येतं. शाबासकी मिळते आणि लेव्हलला धक्का लागत नाही.

फासे_आणि_कागद
ताईंशी सहमत. त्यात गणिताची एक चूक जोडतो, ती फार टेबलांवर होते. सहा गॉब्लिन, प्रत्येकी ५०, एकूण ३००. तीन ते सहा शत्रू असले की २ ने गुणायचं, म्हणजे ६००. पण हा गुणाकार लढत किती अवघड ते मोजायला आहे, वाटायला नाही. चौघांत वाटायचे ३००, माणशी ७५. जे ६०० वाटतात त्यांची पार्टी झपाट्याने वर जाते, आणि मग ‘एक्सपी पद्धतच वाईट’ म्हणून सोडून देतात.

गॉब्लिनना बोलण्यात गुंतवून वाट मिळवली तरी एक्सपी द्यायचे. फक्त हरण्याचा धोका खरा हवा. लढत असती तर कितपत अवघड असती ते ठरवा आणि तेवढे द्या. तिसऱ्या लेव्हलला मध्यम अडचण म्हणजे माणशी १५०.

जुनी_पेटी
मारण्याचा हिशेब आला की भांडण आलंच. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक नियमांत गॉब्लिनचे ५ एक्सपी आणि सोन्याच्या एका नाण्याचा १ एक्सपी. सहा गॉब्लिन मारले तर ३०, त्यांच्यामागची ४०० नाण्यांची पेटी सुखरूप बाहेर आणली तर ४००. शहाणा माणूस लढेलच कशाला? शिवाय लेव्हलचा उंबरठाही प्रत्येक प्रकारच्या कॅरेक्टरचा वेगळा: दुसऱ्या लेव्हलला थीफला १२००, फायटरला २०००, एल्फला ४०००. सगळे एका लेव्हलवर असावेत हा आग्रहच तेव्हा नव्हता, तरी खेळ रंगायचा. पाचव्या आवृत्तीत मात्र ही पद्धत उचलून टाकू नका. तिथले खजिने या हिशेबाने बेतलेले नाहीत, तक्ता नव्याने लिहावा लागतो.

महाल_माइलस्टोन
एवढी बेरीज कशाला? पहिल्या सेशननंतर दुसरी लेव्हल, आणखी एका सेशननंतर तिसरी, पुढच्या दोनांनंतर चौथी, मग दर दोन-तीन सेशनला एक. हेही २०१४ च्या डीएमच्या पुस्तकातच आहे.

बर्डीचा_फायटर
एक्सपी न मोजता डीएमने लेव्हल द्यायची, या माइलस्टोन पद्धतीत खेळाडूच्या हातात काहीच उरत नाही. मुख्य वाट सोडून पडक्या मंदिरात शिरायचं कारणच संपतं, कारण लेव्हल डीएमच्या वहीत आधीच लिहिलेली असते.

ताईंचा मुद्दा मात्र मानतो: हजर असलेल्यांत समान वाटणी, मारणाऱ्याला वेगळं काही नाही. गैरहजराच्या बाबतीत माझी तयारी अर्ध्यापर्यंत. चौघे हजर, एक गैरहजर, एकूण १८०० असतील तर आधी चौघांत वाटा, माणशी ४५०. गैरहजराला वरून २२५. त्याचा वाटा हजर असलेल्यांच्या वाट्यातून कापायचा नाही.

धरमपेठ_डीएम
वरून द्यायचे, कापायचे नाहीत, हे मलाही पटतं. पण त्यात एक अट घाला: कोणीही पार्टीपेक्षा एका लेव्हलहून जास्त मागे राहायचं नाही. आणि पार्टी चौथीवरून पाचवीला जाते तिथे तर एकाही लेव्हलचा फरक नको. त्या सेशनला गैरहजराचे एक्सपी पुरे ६५०० करून टाका.

बर्डीचा_फायटर
पाचवीपुरतं चालेल. पुढे अर्धेच.