प्रतिसाद: खाटांच्या आधी ओपीडीचं बाकडं बघा

वर कोणीतरी म्हटलंय, 'व्हेंटिलेटर वाढवा, झाली फ्लूच्या साथीची तयारी.' नाही पटत. 2020 मध्ये कोविडसाठी वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात, ठाण्यात बाळकुमला खाटा उभ्या राहिल्याच की. सिस्टर अशा रातोरात उभ्या राहत नाहीत.

मी कोपरखैरण्यात एका छोट्या नर्सिंग होममध्ये सिस्टर आहे. साथ आमच्याकडे आधी ओपीडीच्या बाकड्यावरच पसरेल. खोकणारा पेशंट, त्याला चिकटून गरोदर बाई, खिडक्या बंद, एसी चालू. (उघडा म्हटलं की 'डास येतात'!) दारातच ताप-खोकला विचारा, मास्क द्या, वेगळं बसवा. खर्च फारसा नाहीच.

नव्या विषाणूची लस यायला महिने जातात, 2009 च्या स्वाइन फ्लूत तेच झालं. तोवर भिस्त ऑसेल्टामिविर या फ्लूच्या विषाणूवरच्या औषधावर, आणि ते पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी. त्यामुळे गरोदर किंवा गंभीर पेशंटला रिपोर्टची वाट बघत ठेवायचं नसतं.

आणि मावश्या, वॉर्डबॉय? कोविडमध्ये खोके भरून एन-95 आले, घालायचे कसे ते कोणी शिकवलं नाही. आमच्या दाढीवाल्या वॉर्डबॉयच्या गालावरून हवा सरळ आत. खोके मात्र रजिस्टरला बरोबर चढवले होते.